थांबलेले घड्याळ

प्रस्तावना

तुमच्या घरी एखादी जुनी, बंद पडलेली वस्तू जपून ठेवलेली आहे का? पणजीची दुधाची कासंडी, आजोबांची छत्री, काकांचे फाउंटन पेन किंवा असेच काही? अशा वस्तूचा रोजच्या व्यवहारात उपयोग नसतो, तरी ती टाकून देण्यास कोणाचे मन धजत नाही. त्या वस्तूत घरातील माणसाच्या हाताचा स्पर्श साठलेला असतो.

अशी वस्तू दुरुस्त करायला घेतली की एक अवघड प्रश्न उभा राहतो. तिच्यातील काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे? सगळेच नवे केले तर ती वस्तू ‘आपल्या माणसाची’ राहील का? आणि काहीच बदलले नाही तर ती पुन्हा चालेल का? प्रस्तुत पाठात एक नात आपल्या आजोबांचे पाण्याने बिघडलेले मनगटी घड्याळ दुरुस्त करून घेते. त्या निमित्ताने घड्याळाचे यंत्र कसे चालते, घड्याळजीचे काम किती नाजूक असते आणि वारसा जपणे म्हणजे नेमके काय करणे, यांचा परिचय तुम्हांला होईल.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
- किल्लीच्या घड्याळाचे कार्य सोप्या भाषेत सांगता येईल.
- भारतातील मनगटी घड्याळांच्या निर्मितीची थोडक्यात माहिती देता येईल.
- जुनी वस्तू दुरुस्त करताना कोणते विवेकाचे निर्णय घ्यावे लागतात, ते स्पष्ट करता येईल.
- वेळेशी संबंधित शब्द व वाक्प्रचार यांचा उचित वापर करता येईल.
- एखाद्या कामाचे क्रमवार वर्णन करता येईल.

मूळ पाठ

(१)

आजोबांना जाऊन वर्ष झाले, तेव्हा आजीने कपाटाच्या खालच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात जुन्या पावत्या, कुपनांचे तुकडे, एक तुटका चष्मा आणि रुमालात गुंडाळलेले एक मनगटी घड्याळ होते. आजीने तो रुमाल न उघडताच नातीच्या हाती दिला. “हे तुझ्यासाठी ठेवलंय,” एवढेच ती म्हणाली.

घड्याळ एच.एम.टी. कंपनीचे होते. त्याचे नाव ‘जनता’. आजोबा मुंबईच्या शहर बससेवेत वाहक होते. १९७४ साली नोकरी लागल्यावर त्यांनी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि हे घड्याळ घेतले. बस सुटण्याची वेळ झाली की ते मनगटाकडे पाहत आणि मगच दोरी ओढून दोन घंटा देत. रोज सकाळी आकाशवाणीवरील वेळेचे ठोके ऐकून ते काटे जुळवीत आणि किल्ली देत. पुढे एकतीस वर्षे हा क्रम चुकला नाही.

तो चुकला २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोहमार्ग पाण्याखाली गेले, रस्त्यांचे ओढे झाले. आजोबांची बस कुर्ल्याजवळ पाण्यात उभी राहिली. उतारूंना घेऊन ते छातीएवढ्या पाण्यातून चालत निघाले. उजव्या हाताने त्यांनी तिकिटांची पेटी डोक्यावर धरली होती आणि डाव्या हाताने एका वृद्ध उतारूचा दंड. घड्याळ डाव्या मनगटावर होते. पहाटे ते घरी पोहोचले, तेव्हा आजीचा जीव भांड्यात पडला. घड्याळ मात्र थांबले होते. काटे नऊ वाजून सतरा मिनिटांवर होते.

आजोबांनी ते पुसले, उन्हात वाळवले आणि रुमालात बांधून ठेवले. “बघू सवडीने,” असे ते म्हणाले. ती सवड त्यांना मिळाली नाही. घड्याळ डब्यात निमूटपणे झोपून राहिले.

नातीने रुमाल उघडला. काचेवर आडवा तडा गेला होता. किल्ली फिरत नव्हती. पांढऱ्या तबकडीच्या खालच्या भागात तपकिरी रंगाची एक वेडीवाकडी रेघ उमटली होती. पुराचे पाणी आत शिरून ज्या उंचीपर्यंत थांबले, त्याची ती खूण होती.

(२)

नातीने ते घड्याळ प्रथम बाजारपेठेतील एका दुकानात नेले. दुकानदाराने पाठचे झाकण उघडले, आत एक नजर टाकली आणि हात टेकले. “आतले यंत्र काढून टाकू, बॅटरीवरचे बसवू. नवी तबकडी लावू. संध्याकाळी घेऊन जा,” असे त्याने सुचवले. ही सूचना व्यवहाराला धरून होती. तसे केले असते तर घड्याळ अचूक वेळ दाखवू लागले असते. पण आजोबांचे म्हणावे असे त्यात पेटीखेरीज काही उरले नसते. नात ते घेऊन परत आली.

बॅटरीवरच्या यंत्राचा हा पर्याय कोठून आला आणि जुने यंत्र दुर्मीळ का झाले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. स्वातंत्र्यानंतर देशाला लागणारी यंत्रे देशातच तयार व्हावीत, या हेतूने भारत सरकारने १९५३ मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स हा उद्योग सुरू केला. ‘एच.एम.टी.’ हे त्याचेच आद्याक्षरी नाव. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तेथे मनगटी घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पहिल्या घड्याळांचे अनावरण पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्यापूर्वी चांगले मनगटी घड्याळ म्हटले की ते बहुधा परदेशी असे. आता ते परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या, नोकरीला लागलेल्या तरुणाच्या आणि लग्नात जावयाच्या मनगटावर दिसू लागले. काही ‘जनता’ घड्याळांच्या तबकडीवर तर देवनागरी अंक असत.

दरम्यान १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात बॅटरीच्या विजेवर स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे ते किल्लीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक असते. त्याला रोज किल्ली द्यावी लागत नाही आणि ते स्वस्तही पडते. भारतातही ऐंशीच्या दशकानंतर अशा घड्याळांची चलती झाली. किल्लीच्या घड्याळांची मागणी ओसरत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना थांबला, पण त्याने घडवलेली घड्याळे देशभरातील घरांत उरली. काही मनगटांवर, तर पुष्कळशी डब्यांत.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.
१. आजोबांनी ‘जनता’ घड्याळ ........ साली घेतले. (१९६१ / १९७४ / २००५)
२. एच.एम.टी.चा घड्याळ-कारखाना ........ देशातील कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. (जपान / स्वित्झर्लंड / रशिया)

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. तबकडीवरील तपकिरी रेघ कशाची खूण होती?
२. नातीने पहिल्या दुकानदाराची सूचना का स्वीकारली नाही?

(३)

शेवटी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिला हवा तो माणूस भेटला. दुकान कसले, भिंतीत बसवलेले काचेचे कपाटच ते! आत एक वृद्ध घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी घड्याळ कानाशी धरले, किल्ली हळूच चाचपून पाहिली आणि विचारले, “पाण्यात गेल्यावर किती दिवसांनी उघडलं?”

“उघडलंच नाही, काका. तसंच ठेवून दिलं.”

“तिथंच चूक होते,” घड्याळजी म्हणाले. “बाहेरून वाळतं, आतलं पाणी आतच राहतं. यंत्राला पुरानं मारलं नाही बेटा, नंतरच्या गंजानं मारलं.”

त्यांनी पाठचे झाकण काढले आणि भिंगातून त्याच्या आतल्या बाजूकडे पाहिले. मग ते झाकण नातीपुढे धरले. चकचकीत धातूवर सुईने कोरलेली बारीक अक्षरे दिसत होती : ‘११-८१’, ‘४-८९’, ‘१-९८’. प्रत्येक तारखेपुढे एक वेगळे चिन्ह होते. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर झाकणाच्या आत अशी खूण करून ठेवतो. पुढे हेच घड्याळ दुसऱ्या कोणाच्या हाती पडले तर त्याला कळावे, की याआधी ते कधी उघडले गेले होते. आजोबांनी दर सात-आठ वर्षांनी घड्याळ साफ करून घेतले होते. घरात कोणालाही ठाऊक नसलेली ही गोष्ट त्या झाकणाने जपून ठेवली होती.

घड्याळजींनी मग नातीला समोरच्या स्टुलावर बसवले आणि यंत्राची रचना समजावून दिली.

किल्लीच्या घड्याळात वीज नसते. आपण किल्ली फिरवतो, तेव्हा एका गोल डबीतील पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ही मुख्य स्प्रिंग. ती उलगडू पाहते आणि तिच्या जोरावर दात्यांची चाके फिरू लागतात. त्यांना मोकळे सोडले तर सारी शक्ती काही क्षणांतच संपून जाईल. म्हणून चाकांच्या शेवटी एक छोटा अडसर असतो. तो चाकाचा एक दाता सोडतो, पुढचा अडवतो, पुन्हा सोडतो. ‘टिक्-टिक्’ हा आवाज या सोडण्या-अडवण्याचा असतो. अडसराने केव्हा सोडायचे आणि केव्हा अडवायचे, हे बॅलन्स चाक ठरवते. केसासारख्या बारीक नागमोडी स्प्रिंगच्या ओढीने ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झोके घेते. नागमोडी स्प्रिंगची ही कल्पना १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी पुढे आणली. साडेतीनशे वर्षांनंतरही किल्लीच्या घड्याळाचे हृदय तेच आहे.

‘जनता’ घड्याळाचे बॅलन्स चाक तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे हे ठोके होतात ४,३२,००० आणि वर्षाचे पंधरा कोटींहून अधिक. इतक्या घर्षणाने धातू झिजून जाईल. म्हणून महत्त्वाच्या चाकांच्या आसांची टोके कृत्रिम माणकांच्या छिद्रांत बसवलेली असतात. माणिक अतिशय कठीण असल्यामुळे झीज फार कमी होते. ‘घड्याळ किती ज्वेलचे?’ असे पूर्वी लोक विचारत, ते याच खड्यांविषयी. ‘जनता’ घड्याळात असे सतरा खडे असतात.

(४)

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. नात सवड मिळेल तेव्हा स्टुलावर येऊन बसे.

घड्याळजींनी प्रथम काटे आणि तबकडी उतरवली. तबकडीला त्यांनी बोट लावले नाही, कडेला धरूनच ती वेगळ्या डबीत ठेवली. तबकडीवरचे अंक छापलेले असतात आणि ओल्या फडक्याने पुसले तरी ते निघून येण्याचा संभव असतो. मग मुख्य स्प्रिंगमध्ये उरलेला ताण हळूहळू सोडवला. तो न सोडवता अडसर काढला तर चाके वेगाने गरगरतात आणि दाते मोडतात. त्यानंतर बॅलन्स चाक, अडसर आणि एकेक करून बाकीची चाके बाहेर आली. काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या भागाचा, त्या भागाशेजारीच ठेवला गेला. दिसायला सारखे असलेले दोन स्क्रू लांबीने वेगळे असू शकतात. चुकीचा स्क्रू चुकीच्या जागी गेला तर खालचे चाक अडते.

पितळेच्या पट्ट्या आणि चाके नुसती काळवंडली होती. पोलादी भागांना मात्र गंजाने ग्रासले होते. सुटे भाग द्रावकात बुडवून मऊ कुंचल्याने धुतले गेले. माणकांची छिद्रे अणकुचीदार लाकडी काडीने पुन्हा पुन्हा साफ केली. काडीचे टोक स्वच्छ बाहेर येईपर्यंत घड्याळजी थांबले नाहीत. गंज चढलेले स्क्रू भिंगाखाली घासून पुसून घेतले. मुख्य स्प्रिंग हाताळताच तुटली. किल्लीची दांडी गंजून अडकली होती. सर्वांत वाईट अवस्था नागमोडी स्प्रिंगची होती. तिच्या दोन वेढ्यांवर गंजाचे ठिपके पडले होते.

“ही साफ होणार नाही का, काका?”

“साफ होईल, पण खरी राहणार नाही. गंज पोलाद खातो. जिथं खाल्लं, तिथं स्प्रिंग पातळ झाली. आता ती सारखे झोके देणार नाही.”

कारखाना बंद झाल्यामुळे अशा घड्याळांचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. बहुधा ते दुसऱ्या निकामी घड्याळातूनच घ्यावे लागतात. घड्याळजींनी खणातून एक ‘जनता’ घड्याळ काढले. त्याची पेटी चेपलेली होती, काटे नव्हते, पण आतले बॅलन्स चाक स्प्रिंगसह शाबूत होते.

नातीने विचारले, “हे कोणाचं?”

“होतं कोणाचं तरी. मालक परत आला नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ठोका दुसऱ्या घड्याळाचा बसवला, तर हे आजोबांचं कसं राहील?”

घड्याळजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी पुन्हा ते पाठचे झाकण उचलले आणि एका खुणेवर चिमट्याचे टोक ठेवले. ‘४-८९’ या आकड्यांपुढे इंग्रजी ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे कोरलेली होती. “मेनस्प्रिंग. एकोणनव्वद साली तुझ्या आजोबांनी ती बदलून घेतली होती. आत्ता तुटली ती पहिली नव्हतीच. तरी घड्याळ त्यांचंच होतं ना? थांबलेलं घड्याळ त्यांनी कधी मनगटावर ठेवलं नसतं.”

नातीने मान हलवली. बॅलन्स चाक बदलण्याचे ठरले.

(५)

यंत्र पुन्हा जुळवताना तेल देण्याचे काम सर्वांत जोखमीचे असते. टाचणीच्या टोकाहूनही लहान थेंब नेमक्या जागी द्यावा लागतो. कमी पडला तर झीज होते आणि जास्त झाला तर तो पसरून नको तेथे जातो. नागमोडी स्प्रिंगला तेलाचा स्पर्शही चालत नाही. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ भरधाव पळू लागते. शेवटी बॅलन्स चाक जागेवर बसले, किल्लीचे दोन वेढे दिले गेले आणि चाकाने क्षणभर थबकून पहिला झोका घेतला. पुरानंतर प्रथमच त्या पेटीत ठोके पडू लागले. ध्वनी ऐकून गती मोजणाऱ्या यंत्रावर ते दिवसाला चाळीस सेकंद पुढे जात असल्याचे दिसले. घड्याळजींनी एक बारीकशी पट्टी किंचित सरकवली आणि फरक बारा सेकंदांवर आणला. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत बारा सेकंदांची चूक! “या वयाला एवढी चूक माफ आहे,” असे ते हसत म्हणाले.

आता प्रश्न उरला बाह्य रूपाचा. काचेला तडा गेला होता. त्या फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाणार, म्हणून नवी काच बसवणे भाग होते. पेटी पितळेची होती आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा होता. आजोबांचे मनगट जिथे वर्षानुवर्षे घासले, तिथला मुलामा उडून खालचे पितळ दिसत होते. ती यंत्रावर घासून लखलखीत केली असती तर उरलासुरला मुलामाही गेला असता आणि कडांची मूळ धारही बोथट झाली असती. म्हणून ती फक्त स्वच्छ केली.

तबकडी मात्र नातीला बदलायची होती. आजीपुढे घड्याळ नव्यासारखे ठेवावे, अशी तिची इच्छा होती. घड्याळजींनी तिला पर्याय सांगितले. तबकडी पुन्हा रंगवून घेता येते किंवा दुसरी बसवता येते. “पण एकदा रंगवली की जुनी परत आणता येत नाही. आधी घरी विचार,” असे सांगून त्यांनी ती डबी तिच्या हाती दिली.

त्या रात्री आजीने डबी उघडली आणि तबकडीवरच्या त्या तपकिरी रेघेवरून, स्पर्श न करता, हवेतच बोट फिरवले. “एवढ्या पाण्यातून आले होते ते,” ती म्हणाली. “तो म्हातारा उतारू पुढे दिवाळीला मिठाई घेऊन आला होता. तुझ्या आजोबांनी कधी कोणाला सांगितलं नाही.” मग डबी मिटत ती म्हणाली, “पुसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी तबकडी होती तशी जागेवर बसली. घड्याळजींनी पाठचे झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आत सुईने नवी तारीख कोरली आणि पुढे आपली खूण केली. त्याखाली अजून पुष्कळ जागा मोकळी होती.

आता रोज सकाळी नात त्या घड्याळाला किल्ली देते. एका वेळच्या किल्लीवर ते दीड दिवस चालते. तरीही ती एक दिवसाचाही खाडा करत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ‘जनता’ घड्याळाचे बॅलन्स चाक सेकंदाला ........ ठोके देते.
२. घड्याळातील महत्त्वाच्या आसांची टोके कृत्रिम ........ छिद्रांत बसवलेली असतात.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. नागमोडी स्प्रिंगला भरपूर तेल द्यावे लागते.
२. पेटी यंत्रावर घासून चकचकीत करण्यात आली.
३. मुख्य स्प्रिंग पूर्वीही एकदा बदललेली होती.

शब्दार्थ

कासंडी – दूध काढण्याचे वा ठेवण्याचे धातूचे भांडे. उतारू – प्रवासी. वाहक – बसमधील तिकिटे देणारा कर्मचारी. तबकडी – घड्याळाचा अंक असलेला दर्शनी भाग. अडसर – अडवणारी वस्तू, आडणा. आस – ज्याभोवती चाक फिरते ती दांडी. द्रावक – ज्यात तेलकट मळ विरघळतो असा पातळ पदार्थ. मुलामा – एका धातूवर दिलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर. शाबूत – न बिघडलेले. खाडा – नेमात पडलेला खंड.

आशय समजून घेऊ या

या पाठात दोन प्रकारची माहिती एकमेकींत गुंफलेली आहे. एक घड्याळाच्या यंत्राविषयीची आणि दुसरी एका कुटुंबाच्या आठवणीविषयीची. यंत्राचे वर्णन वाचताना कारागिराच्या शिस्तीकडे लक्ष द्या. ताण सोडवल्याशिवाय अडसर काढायचा नाही, स्क्रू ज्या भागाचा त्याच्याशेजारी ठेवायचा, तेल जेवढ्यास तेवढेच द्यायचे. प्रत्येक नियमामागे कारण आहे आणि पाठात ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पाठाचा गाभा मात्र नातीच्या प्रश्नात आहे. दुसऱ्या घड्याळाचा भाग बसवला तर हे घड्याळ आजोबांचे कसे राहील? घड्याळजी या प्रश्नाला युक्तिवादाने नव्हे, तर पुराव्याने उत्तर देतात. आजोबांनी स्वतःच घड्याळाचे भाग बदलून घेतले होते, कारण घड्याळ चालते राहावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे जे भाग काम करतात, ते झिजले की बदलणे हा वस्तूचा अवमान नव्हे. उलट तीच तिची काळजी होय.

मग सगळेच का बदलू नये? याचे उत्तर आजी देते. तबकडीवरचा डाग घड्याळाच्या चालण्यात अडथळा आणत नाही. तो एका रात्रीची आणि एका माणसाने केलेल्या मदतीची साक्ष आहे. तो पुसला असता तर घड्याळ सुंदर दिसले असते, पण मुके झाले असते. नातीला आरंभी डाग ही केवळ खराबी वाटते. शेवटी तिला त्याचा अर्थ कळतो. दुरुस्तीच्या या तीन आठवड्यांत घड्याळाबरोबर तिची दृष्टीही बदलते.

पाठाच्या शेवटी झाकणात उरलेल्या मोकळ्या जागेचा उल्लेख आहे. तो सहज आलेला नाही. घड्याळ पुढेही कोणीतरी उघडील, साफ करील आणि वापरील, हा विश्वास त्यातून सूचित होतो.

भाषाभ्यास

१. शब्दाची कुळकथा : ‘घड्याळ’ या शब्दाचे नाते ‘घटी’ किंवा ‘घटिका’ या संस्कृत शब्दांशी आहे. घटी म्हणजे लहान घट. प्राचीन काळी तळाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर तरंगत ठेवत. ते भरून बुडण्यास लागणारा काळ म्हणजे एक घटका, अर्थात चोवीस मिनिटे. ‘घटकाभर बस’, ‘घटका भरली’ हे आजचे शब्दप्रयोग त्याच घटिकापात्रातून आलेले आहेत.

२. वाक्प्रचार : पुढील वाक्प्रचारांचे अर्थ लक्षात घ्या.
- जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होऊन हायसे वाटणे.
- हात टेकणे – नाइलाज होणे, हार मानणे.
- वेळ मारून नेणे – तात्पुरती अडचण कशीबशी निभावणे.
- वेळ साधणे – योग्य संधीचा उपयोग करणे.

३. चेतनगुणोक्ती : ‘घड्याळ डब्यात निमूटपणे झोपून राहिले’ हे वाक्य पाहा. झोपणे, गप्प राहणे हे सजीवांचे गुण येथे निर्जीव वस्तूला दिलेले आहेत. निर्जीव वस्तू सजीव आहे अशी कल्पना करून तिचे वर्णन केले जाते, तेव्हा ‘चेतनगुणोक्ती’ हा अलंकार होतो.

४. बोलीचा वापर : निवेदनात ‘दिले’, ‘केले’, ‘होते’ अशी लेखनाची रूपे आहेत, तर घड्याळजी आणि आजी यांच्या तोंडी ‘उघडलं’, ‘सांगितलं’ अशी बोलण्यातील रूपे आहेत. त्यामुळे संवाद स्वाभाविक वाटतात.

तुम्ही काय शिकलात?

- किल्लीच्या घड्याळातील शक्ती मुख्य स्प्रिंगमधून येते आणि बॅलन्स चाक तिला नियमित करते.
- पाण्यात पडलेले घड्याळ लगेच उघडून वाळवले नाही, तर आतील गंज त्याचे अधिक नुकसान करतो.
- कार्य करणारे भाग बदलता येतात. आठवण जपणारे भाग बदलण्यापूर्वी विचार करावा लागतो.
- जी दुरुस्ती मागे घेता येत नाही, ती घाईने करू नये.
- वारसा जपणे म्हणजे वस्तू नुसती सांभाळून ठेवणे नव्हे, तर ती वापरात ठेवणे.

पाठान्त प्रश्न

१. २६ जुलै २००५ च्या प्रसंगाचे वर्णन आठ-दहा ओळींत करा.
२. घड्याळाचे सुटे भाग उतरवताना घड्याळजींनी कोणती काळजी घेतली, ते क्रमाने लिहा.
३. ‘तरी घड्याळ त्यांचंच होतं ना?’ या घड्याळजींच्या प्रश्नाचा अर्थ स्पष्ट करा.
४. तबकडी न बदलण्याचा निर्णय तुम्हांला पटतो का? सकारण लिहा.
५. ‘वेळ साधणे’ व ‘हात टेकणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती कोणी, केव्हा व कशासाठी आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिच्याविषयी शंभर शब्दांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १
(अ) १. १९७४, २. जपान.
(आ) १. ती रेघ पुराचे पाणी घड्याळात शिरून जेथपर्यंत थांबले, त्या उंचीची खूण होती. २. तसे केल्यास आजोबांचे म्हणावे असे त्यात पेटीखेरीज काही उरले नसते, म्हणून नातीने ती सूचना स्वीकारली नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) १. पाच, २. माणकांच्या.
(आ) १. चूक, २. चूक, ३. बरोबर.